पलीकडचा गडी

आपल्याकडे टीकालेख म्हटला, की तो कथेवर असावा, कवितेवर असावा, फार तर एखाद्या नाटकावर असावा, असा एक अलिखित दंडक आहे. खेळाला वाङ्मयाच्या पंगतीत पान मांडलेले पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. परंतु दिवाळीच्या चार दिवसांत आपल्या अंगणात असे एक काम होत असते, की ज्याला कथानक आहे, पात्रे आहेत, नेपथ्य आहे आणि येता-जाता थांबणारे प्रेक्षकही आहेत. आणि तरीही ज्याच्या वाट्याला कौतुकाखेरीज सहसा काही येत नाही. मी मुलांच्या मातीच्या किल्ल्याविषयी बोलतो आहे. कौतुक गोड असते खरे. पण ज्या कामाला आपण मोलाचे मानतो, त्याला टीकेचा मानही द्यावा लागतो.

इतिहास सांगण्याच्या आपल्या रीती पुष्कळ आहेत. बखर आहे, पोवाडा आहे, नाटक आहे, कादंबरी आहे. यांतले काहीही वाचता येण्याच्या आधी कितीतरी मराठी मुले इतिहासाला हात लावतात ते किल्ल्याच्या चिखलात. म्हणून तो किल्ला मुलाला इतिहासाविषयी नेमके काय सांगतो, हा प्रश्न मला पोरकट वाटत नाही. त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो. युरोप-अमेरिकेत गेली दोनशे वर्षे लढाईचे डाव मांडण्याची एक कला वाढली आहे. नकाशावर किंवा मेजावर बोटभर उंचीचे शिपाई उभे करायचे, फासे टाकायचे, आणि दोघा गड्यांनी एखादी जुनी लढाई पुन्हा लढायची, असा तो प्रकार. आपला किल्ला आणि हा डाव यांत फरक कोणता, आणि त्या फरकातून आपण काही घ्यावे काय, हे येथे पाहायचे आहे.

मी राहतो ते कामरगाव वाशीम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यात. आमची काळी माती किल्ल्याला तशी सोयीची नव्हे. ओली असताना ती हाताला चिकटते आणि वाळली की तिला भेगा पडतात. नरकचतुर्दशीला उभा केलेला बुरूज पाडव्यापर्यंत तडकतो. म्हणून पोरे कोठून तरी मुरूम आणतात, विटांचे तुकडे रचतात, त्यांवर चिखलात बुडवलेले गोणपाट पांघरतात आणि वरून हळीव किंवा मोहरी पेरतात. चार दिवसांत डोंगराला हिरवी लव फुटते. पायथ्याशी विहीर असते, तिच्यात आरशाचा तुकडा असतो. गुहेत वाघ असतो. वाटेवर गवळण असते, भाजीवाली असते. माथ्यावर सिंहासनावर महाराज, आणि पायरीपायरीला भाले-तलवारी घेतलेले मावळे. कोठे कोठे या सगळ्याला वळसा घालून एक आगगाडीही जाते.

काळाची ही सरमिसळ मला मुळीच खटकत नाही. मावळा बुरुजाहून उंच आहे, वाघ घोड्याएवढा आहे, हेही खटकत नाही. लोककलेला मापाचे बंधन नसते. जे महत्त्वाचे ते मोठे, एवढाच तिचा नियम असतो. बाजारात अलीकडे प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. त्यांत प्रमाण बिनचूक असते, पण मुलाची बोटे कोठेच उमटलेली नसतात. त्यापेक्षा तडकलेला बुरूज शतपटीने बरा. माझी तक्रार निराळी आहे.

मागे एकदा आमच्या गल्लीत एका मुलाने सिंहगड केला होता. तानाजी होता, दोर होता, दोराच्या टोकाला घोरपडही होती. मी सहज विचारले, “अरे, उदेभान कुठे आहे?” त्याने माझ्याकडे पाहिले, मग किल्ल्याकडे पाहिले, आणि म्हणाला, “तो गोष्टीत हाय ना जी. किल्ल्यावर नाई.”

उत्तर चोख होते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर जे घडले त्यातला अर्धा भाग किल्ल्यावरून गळाला होता. उदेभान राठोड हा त्या गडाचा किल्लेदार. गडाची राखण त्याची, गाफील राहिला तो, आणि तानाजीशी झुंजत पडला तोही. त्याच्यावाचून तानाजीचा पराक्रम म्हणजे रिकाम्या डोंगरावर चढून जाणे होय. पण आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर शत्रूला जागा नसते. सगळे मावळे तोंड करून उभे असतात ते रस्त्याकडे, म्हणजे पाहणाऱ्याकडे. तो दरबार असतो. लढाई होऊन गेलेली असते, आणि ती आपण जिंकलेली असते. कोणी घाबरलेले नाही, कोणाला दोन वाटांतली एक निवडायची नाही, आणि उद्या काय होईल हे सर्वांना ठाऊक आहे. माझ्या मते किल्ल्याचा कलादृष्ट्या खरा दोष हा आहे, आणि तो मुलांचा नाही. आपल्या पुष्कळशा ऐतिहासिक नाटक-कादंबऱ्यांतही शत्रू असतो तो गडगडाटी हसण्यापुरता आणि शेवटी पडण्यापुरता. मुले आपलेच पाहून शिकतात.

मग ज्या खेळात शत्रू असतो तो खेळ आपल्याकडे नाही काय? आहे, आणि फार जुना आहे. बुद्धिबळाचे मूळ नावच चतुरंग; हत्ती, घोडे, रथ, पायदळ ही सेनेची चार अंगे पटावर मांडून दोघांनी लढायचे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांची जी यादी दिली, तीत हा खेळही आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्रिवेंगडाचार्य शास्त्री नावाचे मोठे बुद्धिबळपटू होऊन गेले. त्यांनी रचलेल्या डावांचे इंग्रजी पुस्तक १८१४ साली मुंबईत छापले गेले. पेशवाई बुडायला तेव्हा चार वर्षे उरली होती. बुद्धीच्या पटावर आपण कोणाला हार जात नव्हतो. पट सोडून मैदानात उतरलो की गाडे कोठे अडत होते, हे पाहण्यासारखे आहे.

बुद्धिबळात पलीकडे गडी असतो आणि तो आपल्याइतकाच शहाणा असतो, हा त्या खेळाचा मोठा गुण. पण त्यात लढाईतल्या तीन गोष्टी नाहीत. पट सपाट असतो. त्यावर नाला नाही, चिखल नाही, गाव नाही. दोन्ही बाजूंना सारे काही दिसते. धुरळ्याआड काय आहे अशी शंका कोणालाच येत नाही. आणि मोहरे सांगितल्यासारखे वागतात. प्यादे कधी घाबरून मागे पळत नाही. त्याला मागे जाताच येत नाही! बिचाऱ्याचा पुढे जाऊन फर्जी झाला तर झाला, नाहीतर जागच्या जागी मेला. आपल्या वाघबकरीत निदान एवढे तरी आहे, की दोन्ही बाजू सारख्या नसतात. वाघ थोडे पण मारके, बकऱ्या पुष्कळ पण भित्र्या. शिवाय एक डाव झाला की बाजू बदलायची असते; मघाचा वाघवाला आता बकऱ्या सांभाळतो. या साध्या रीतीकडे मला पुढे परत यायचे आहे.

बुद्धिबळात नसलेल्या या तीन गोष्टी पटावर आणण्याचा खटाटोप जर्मनीत सुरू झाला. ब्रन्सविकच्या हेल्विग नावाच्या शिक्षकाने १७८० साली बुद्धिबळाचा पट वाढवून त्यात डोंगर, पाणी, तोफा आणल्या. पुढे प्रशियातल्या राइसविट्झ नावाच्या सरदाराने १८१२ साली राजासाठी एक मेजच तयार केले. त्यावर प्लास्टरचे तुकडे जुळवून हवा तो प्रदेश मांडता येई. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ साली चौकोन काढून टाकले, खऱ्या जमिनीचा नकाशा घेतला आणि ‘क्रीगस्पील’ म्हणजे युद्धखेळ या नावाने नियम छापले. प्रत्येक चाल म्हणजे दोन मिनिटांचा काळ. तेवढ्या वेळात पायदळ जेवढे चालेल तेवढेच पुढे सरकवायचे. मध्ये एक पंच. गड्यांनी आपला हुकूम पंचाला सांगायचा आणि पंचाने ज्याला जे दिसले असते तेवढेच त्याला दाखवायचे. गोळीबाराने किती माणसे पडली ते फाशाने ठरायचे. प्रशियाच्या सेनापतींना हा प्रकार इतका पटला, की पलटणींना त्याचे संच वाटण्यात आले.

सैन्यातला हा खेळ पुढे घरात आला. एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहून शिशाच्या शिपायांच्या लढाईचे नियम बसवून दिले. जमिनीवर ठोकळ्यांची घरे मांडायची आणि खेळण्यातल्या तोफेतून लाकडी खुंट्या खरोखर उडवायच्या. खऱ्या लढाईपेक्षा ही लढाई बरी, असा त्याचा सांगावा होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि तो सांगावा हवेत विरला. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्सने १९५८ साली १८६३ च्या गेटिसबर्गच्या लढाईवर पेटीतला पटखेळ काढला. तेव्हापासून एकेका ऐतिहासिक लढाईचा स्वतंत्र डाव छापण्याची तेथे चालच पडली.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट तोफांची किंवा नकाशांची नाही. या खेळांची जसजशी वाढ होत गेली, तसतसा त्यांत धीराचा नियम पक्का झाला. एखाद्या पलटणीवर मारा झाला, शेजारची पलटण मोडली, सरदार पडला, की फासा टाकायचा. दान वाईट पडले तर ती पलटण पळते. तुमची चाल कितीही बिनतोड असो, तुमचीच माणसे तुमचे ऐकत नाहीत. बुद्धिबळात प्याद्याला मन नसते. येथे प्याद्याला मन आले. कादंबरीत जे काम लेखक पानेच्या पाने खर्चून करतो, ते येथे एका फाशाने होते. खेळाच्या भाषेत ही मोठीच वाङ्मयीन कामगिरी आहे, असे मी म्हणेन.

हे नुसते वाचून कळत नाही म्हणून गेल्या दिवाळीत भाचेमंडळी आली असताना आम्ही ओसरीवर एक डाव मांडला. लढाई दूरची नको म्हणून वऱ्हाडातलीच घेतली. तेल्हारा तालुक्यातले अडगाव, ज्याला इंग्रजी पुस्तकांत अर्गाम म्हणतात, तेथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचे घोडदळ एका बाजूला, आणि आर्थर वेलस्लीची फौज दुसऱ्या बाजूला, अशी लढाई झाली. भोसल्यांकडून रघूजीराजांचे बंधू मन्याबापू सेनापती होते. मराठ्यांची फौज तीस-चाळीस हजारांची सांगतात. इंग्रजांची अकरा हजारांच्या आसपास. फरशीवर खडूने शिरसोलीचे गाव आणि उभ्या पिकांचे मैदान काढले. भोसल्यांचे पायदळ म्हणून सरकी, घोडदळ म्हणून चिंचोके, इंग्रजांसाठी तुरीचे दाणे, तोफांसाठी काड्यापेट्या. दिवाळीच्या सुमारास वऱ्हाडात सरकीला तोटा नसतो.

पहिली अडचण आली ती नियमांची नव्हे. इंग्रजांकडून खेळायला कोणी तयार होईना. “मी नाई होत इंग्रज,” असे म्हणत जो तो मागे सरला. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. वेलस्लीची चिठ्ठी बारा वर्षांच्या भाचीला आली आणि ती रुसूनच बसली. मन्याबापू झाला तिचा थोरला भाऊ. मी पंच.

इतिहासात त्या दिवशी असे घडले, की लांबची मजल मारून आलेली इंग्रजांची फौज दुपार कलल्यावर गावाजवळून मैदानात उतरू लागली, तोच मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या. त्या माऱ्यात इंग्रजांच्या हिंदी पलटणी बिथरून मागे पळाल्या. दोन महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत याच शिपायांनी तोफांपुढे छाती दिली होती. वेलस्लीने जातीने पुढे होऊन त्यांना गावाच्या आडोशाला पुन्हा उभे केले आणि परत रांगेत आणले. आपण तेथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, असे त्याने स्वतःच मागाहून पत्रात लिहिले. पुढे मराठ्यांचे पायदळ शर्थीने लढले, पण मोडले. अडतीस तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. इंग्रजांची मारली गेलेली आणि जखमी माणसे साडेतीनशेच्या आसपास. संध्याकाळ झाली आणि पाठलाग चांदण्यात चालला.

आमच्या ओसरीवरही दान असेच पडले. भाचीचे तुरीचे दाणे तोफांखाली आले, तिने धीराचा फासा टाकला आणि एकामागून एक तीन पलटणी मागे फिरल्या. मघापर्यंत रुसलेली पोर ताडकन उठून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी यायचे तेवढे राहिले होते. पुढच्या दोन चालींत तिने बाकीचे सगळे सोडून आपला सेनापती त्या पलटणींकडे नेला. भावाला त्या दोन चाली मोकळ्या होत्या. तो आपल्या तोफांवर खूश होता. रांग सोडून तो पुढे गेला नाही. दाणे पुन्हा रांगेत आले, आणि तासाभरात डाव त्याच्या हातून गेला. मग तो फरशीकडे पाहत बराच वेळ गप्प बसला आणि मला म्हणाला, “मामाजी, ते पळत होते तवा आपून पुढं काऊन नाई गेलो?”

‘मी’ म्हणाला नाही, ‘आपण’ म्हणाला. १८०३ साली जो प्रश्न नागपूरच्या दरबारात पडायला हवा होता, तो कामरगावच्या ओसरीवर एका पोराला पडला. मी त्याला उत्तर दिले नाही. फौज एकाची, घोडदळ दुसऱ्याचे, आणि दोघांचा एक धनी नाही. मोठी फौज हलवायला वेळ लागतो. तोफांच्या पुढे धावत गेले तर आपल्याच तोफा मुक्या होतात. अशी पाच कारणे पुढच्या डावात त्याची त्यालाच सापडली असती, आणि तशी ती सापडलीही. मुद्दा असा, की हा प्रश्न किल्ला कधीच विचारू देत नाही. किल्ल्यावर हरायला कोणी नसतेच.

आणि हरण्याचा संबंध आमच्याशी फार जवळचा आहे. अडगावनंतर पंधरवड्याने, १५ डिसेंबर १८०३ ला, गाविलगड पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा भोसल्यांचा वऱ्हाडातला मुलूख त्यांच्या हातून जाऊन निजामाकडे गेला. कामरगाव वर्धेच्या पश्चिमेलाच आहे. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत गाविलगड नाही, नरनाळा नाही. त्याचे मला वैषम्य वाटत नाही. पण वऱ्हाडच्या अंगणांत दर दिवाळीला रायगड आणि प्रतापगडच उठावे, आणि जेथे आपले नशीब फिरले तो चिखलदऱ्याचा डोंगर एकदाही उठू नये, याचे मात्र वाटते. हरलेल्या जागेची माती हाताने घडवणे हेही एक शिक्षण आहे.

याहून अवघड प्रसंग आमच्या तालुक्यातच आहे. कोंढाणा घेतला त्याच १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांची फौज वऱ्हाडात उतरली आणि मोगलांच्या अमलाखालची कारंज्याची श्रीमंत पेठ तिने लुटली. राजकारणाच्या दृष्टीने ती चाल पक्की होती. मोगलांच्या खजिन्यावर घाव घालायचा तर पेठेवर घालावा लागतो. परंतु हा डाव मांडायचा झाला, तर कारंज्याच्या सावकाराच्या बाजूला कोणी बसायचे? आमच्या तालुक्यातल्या पोरांनीच बसायला हवे, कारण ते गाव त्यांचेच. महाराजांविषयी ज्याच्या मनात आदर आहे त्याने हा डाव टाळू नये, असे माझे मत आहे. ज्या माणसाने दूरची पेठ हेरली, वाट निवडली, वेळ साधली, त्याची बुद्धी कळायची तर दाराला अडसर घालून आत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांनी ती एकदा पाहावी लागते.

आपल्याकडे ही दृष्टी कोणालाच नव्हती, असे नाही. पानिपताची उत्तम हकीगत ज्याच्याकडून मिळते तो काशीराज पंडित दक्षिणी ब्राह्मण. पण १४ जानेवारी १७६१ ला तो होता पलीकडे, शुजाउद्दौल्याच्या छावणीत. अब्दालीने पळणाऱ्या आपल्याच लोकांना कसे मागे रेटले, राखून ठेवलेली फौज दुपारनंतर कशी सोडली, हे पलीकडे बसलेल्या माणसालाच सांगता आले. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी १९४६ साली इंग्रजीत आणि १९६१ साली मराठीत पानिपतावर लिहिले, तेव्हा रडगाणे बाजूला ठेवून दोन्ही फौजांचा हिशेब मांडला. विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, आणि सेनापती दिसेनासा होताच फौजेचा धीर सुटला, असे सांगतात. हा धीराचाच फासा आहे. अडगावला वेलस्ली पळणाऱ्यांना दिसला म्हणून ते थांबले. पानिपताला भाऊ दिसेनासे झाले म्हणून राहिलेले पळाले. हे दोन डाव एकापुढे एक मांडून पाहणाऱ्या मुलाला पानिपत हा शब्द नुसता म्हणीपुरता राहणार नाही.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा आहे, की इतिहासात जर-तरला जागा नसते. घडलेले बदलत नाही, हे खरे. पण ज्यांनी ते घडवले त्यांच्यापुढे त्या घटकेला जर-तरच होते. मन्याबापूला संध्याकाळचा निकाल दुपारी ठाऊक नव्हता. निकाल ठाऊक असलेल्या माणसाने निकाल ठाऊक नसलेल्या माणसाला शहाणपण शिकवणे हा इतिहासलेखनातला सर्वांत सोपा अन्याय आहे, आणि डाव तेवढ्यापुरता तो अन्याय रोखतो. मात्र त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. डाव जिंकला म्हणून ‘असे केले असते तर मराठे जिंकले असते’ हे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की निवड अवघड होती.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. माणसे मेली, त्यांचा खेळ काय मांडता? याला वेल्सचे उत्तर पुरे पडत नाही. शिशाच्या शिपायाला रक्त नसते, आणि सरकी पडली तर कोणाची आई रडत नाही. हे डाव पाहताना मला खुपते ते हे, की पुष्कळदा त्यांत तोफेचा पल्ला इंचाइंचाने मोजलेला असतो, पण फौज काय खाते याचा पत्ता नसतो. आमच्या फरशीवर मी उभी पिके खडूने काढली होती. शिपायांची चाल त्या पिकांतून गेली तेव्हा कोणीही थांबून विचारले नाही, की ही कोणाची. १८०३–०४ साली दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला होता. फौजांना धान्य पुरवीत ते वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे. वेलस्लीची सारी चिंता त्या बैलांपाशी येऊन थांबे. पानिपतावरही भाऊसाहेब लढायला बाहेर पडले ते छावणीत अन्न उरले नाही म्हणून. ज्या डावात धान्याला चाल नाही, तो डाव सरदारांचीच नावे मोजणाऱ्या बखरीइतकाच एकांगी. पुढच्या खेपेला आम्ही बैलांसाठी ज्वारीचे दाणे वेगळे ठेवले, आणि पीक तुडवले की पुढच्या चालीत फौजेचे पोट रिकामे, असा नियम केला. खेळ मंदावला, मुले कुरकुरली. पण गावाला वळसा घालून जाण्याचा विचार पहिल्यांदा तेव्हा झाला. रणांगणाच्या कडेला शेतकरी उभा आहे, एवढे तरी त्यांच्या ध्यानी आले.

तेव्हा माझा निवाडा असा. कला म्हणून किल्ला डावापेक्षा समृद्ध आहे: त्यात हाताचे काम आहे, माती आहे, हिरवळ आहे, गवळण आणि भाजीवाली आहे, म्हणजे ज्यांना डाव विसरतो ती माणसे आहेत. विचार म्हणून डाव किल्ल्यापेक्षा पुढे आहे: त्यात दुसरी बाजू आहे, भीती आहे, निवड आहे. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असे मी म्हणणार नाही. मातीचा किल्ला बंद करून पेटीतले परदेशी डाव आणण्याची गरज तर मुळीच नाही. किल्ल्याच्या पायथ्याशी वीतभर जागा मोकळी ठेवावी, तेथे वेढा घालणाऱ्यांचे चार मोर्चे मांडावे, आणि उदेभानाला त्याच्या गडावर परत न्यावे, एवढे सध्या पुरे. फासे घरोघर असतात. नियम मुलांनीच करावेत. भांडणे होतील ती पंचाने मिटवावीत.

आणि वाघबकरीची ती जुनी रीत मोडू नये. पाडव्याला भावाने गड लढवला असेल, तर भाऊबीजेला तो बहिणीच्या हाती द्यावा आणि आपण खाली मोर्च्यात जाऊन बसावे.